भिवंडीत उतरलेल्या पाहुण्यांचं ट्रॅकिंग कोण करणार?

ऑनलाइन काहीही मागवा. बूट, मोबाइलचं कव्हर, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आठवलेलं पुस्तक. एक-दोन दिवसांत फोनवर ओळ येते : तुमचं पार्सल भिवंडीला पोहोचलं आहे. देशातल्या कितीतरी लोकांची आपल्या गावाशी ओळख या एका ओळीपुरतीच असते. ट्रकमधून उतरलं की स्कॅन, फळीवर गेलं की स्कॅन, बाहेर निघालं की स्कॅन. दोनशे रुपयांचं कव्हर कुठल्या मिनिटाला कुठे होतं, हे आपल्याला घरबसल्या कळतं.

त्याच गोदामांच्या मागच्या शेतांत दर हिवाळ्यात आणखी कुणीतरी उतरतं. विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या माळभिंगऱ्या बघा. भात कापल्यावर उरलेल्या ओलसर धसकटांत शेपटी वरखाली करत पळणारा धोबी बघा. खाडीच्या चिखलात चोच खुपसणारी तुतारी, बांधावरच्या काटकीवर बसलेला गप्पीदास, शेतावरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या. यातले बरेचसे हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून, मध्य आशिया आणि सैबेरियाकडून येतात. हजारो किलोमीटरचा प्रवास, आणि पोहोचल्याची नोंद कुठेच नाही. त्यांना स्कॅन करायला कुणी उभं नसतं.

‘बरं मग? पक्षी येतात, जातात. नोंद करून काय होणार?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. त्याचं उत्तर मिळायला थोडं मागे जावं लागेल.

पक्षी नेमके कुठे जातात हे माणसाला फार उशिरा कळायला लागलं. १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने पक्ष्यांच्या पायात नंबर घातलेल्या धातूच्या कड्या अडकवायला सुरुवात केली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, हीच पद्धत १९२७ मध्ये वापरायला लागली. पुढे १९५९ पासून डॉ. सालिम अलींच्या पुढाकाराने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कड्या घातल्या गेल्या. आरोग्य संघटनेचा संबंध काय, तर पक्ष्यांबरोबर रोगाचे विषाणू प्रवास करतात का, हे शोधायचं होतं. कडीवर इंग्रजीत एवढंच लिहिलेलं असायचं, की बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, आणि खाली नंबर. मग वाट बघायची. कुठेतरी दूरदेशी तो पक्षी कुणाला मेलेला सापडला, आणि त्या माणसाला पत्र लिहायची बुद्धी झाली, तर कळणार की इथला पक्षी तिथे गेला. बहुतेक कड्यांचं पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही. जिथे कळलं तिथेही फक्त दोन टोकं कळली. मधल्या वाटेवर तो कुठे थांबला, काय खाल्लं, कुठलं तळं टाळलं, हे सगळं कोरंच.

आता ते कोरेपण भरायला लागलंय, आणि त्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या शेजारच्या ठाणे खाडीत आहे. जानेवारी २०२२ मध्ये बीएनएचएसच्या शास्त्रज्ञांनी इथल्या सहा फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग बसवले. त्यांना नावंही दिली : सलीम, हुमायूं, मॅककॅन, लेस्टर, खेंगारजी आणि नवी मुंबई. सलीम म्हणजे अर्थातच सालिम अली, हुमायूं म्हणजे पक्षीतज्ज्ञ हुमायूं अब्दुलअली. ‘नवी मुंबई’ म्हणजे नवी मुंबईच. शहराचं नाव घेऊन उडणारा पक्षी, कसलं भारी ना?

हा टॅग म्हणजे पाठीवर बांधलेली चिमुकली सॅक समजा. वर सौरपट्टी, आत जीपीएस आणि मोबाइलचं सिमकार्ड. ठरावीक वेळाने तो आपली जागा टिपतो आणि मोबाइलचं नेटवर्क मिळालं की पाठवून देतो. नेटवर्क नसलं तर साठवून ठेवतो. रेल्वेच्या बोगद्यात टाइप केलेला मेसेज बाहेर आल्यावर जातो ना, तसंच.

या ठिपक्यांतून काय दिसलं? काही पक्षी पुढे गुजरातकडे गेले ही बातमी झाली, फोटोही छापून आले. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी, रोजची गोष्ट. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या उघड्या चिखलावर चरतात. भरती चढली की तो चिखल पाण्याखाली जातो, आणि मग ते काठाच्या आतल्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. भांडुप पंपिंग स्टेशन, सीवूड्सचा डीपीएस तलाव, एनआरआय वसाहतीमागचं पाणी, टीएस चाणक्यजवळची पाणथळ. पाणी उतरलं की परत खाडीत. रोज, भरती-ओहोटीच्या घड्याळावर.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. कागदोपत्री फ्लेमिंगो सुरक्षित झाला. पण तो दिवसातले काही तास ज्या तलावांवर काढतो, ते तलाव अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिले. घराचं रक्षण झालं, पण झोपायची खोली घरात धरलीच नाही, असा हा प्रकार. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट अडली, तलाव कोरडा पडत गेला आणि फ्लेमिंगो दगावले. तिथल्या रहिवाशांनी आणि पर्यावरणप्रेमींनी तो विषय लावून धरला. त्यांच्या हातात नुसती हळहळ नव्हती. खाडी आणि तलाव ही एकच जागा आहे, हे दाखवणारी माहिती होती. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. लढले लोकच. ठिपक्यांनी त्यांच्या म्हणण्याला वजन दिलं.

आणि हो, २०२४ मध्येच २० मेच्या रात्री घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून तीसपेक्षा जास्त फ्लेमिंगो मेले होते. पक्षी कुठल्या वेळी, कुठून कुठे उडतात याचा नकाशा हवा, असं आपण म्हणतो तेव्हा त्यात विमानात बसलेल्या माणसांचा जीवही आला.

आता आपल्या बाजूला या. ठाण्याचा खाडीपूल ओलांडला की फ्लेमिंगोच्या बातम्या संपतात, पण खाडी संपत नाही. कल्याणकडून येणारी उल्हास नदी ठाण्याजवळ येते, तिची एक बारीक वाट ठाणे खाडीला मिळते आणि मोठा प्रवाह घोडबंदरला वळसा घालून वसईच्या खाडीतून समुद्राला जातो. भिवंडी तालुक्याची सगळी दक्षिण कड या पाण्याला लागून आहे. अलिमघर, अंजूर, पिंपळास, काल्हेर, कशेळी, पुढे खारबावकडचा पट्टा. शहरातून येणारी कामवारी नदी यालाच मिळते. म्हणजे भरती-ओहोटीचं जे घड्याळ ऐरोलीच्या फ्लेमिंगोला लागू आहे, तेच आपल्याकडच्या तुतारीलाही लागू आहे. कांदळवन आहे, चिखल आहे, खारबंधाऱ्याच्या आत भातशेती आहे. आणि त्या शेतीला खेटून गोदामं आहेत.

ईबर्ड नावाचं संकेतस्थळ आणि ॲप आहे, जगभरचे पक्षीनिरीक्षक त्यावर नोंदी टाकतात. त्याचा नकाशा उघडून स्वतः बघा. ऐरोली, भांडुप, उरण या बाजूला खुणांची गर्दी दिसते. तिथून बोट सरकवत भिवंडीकडे या, खुणा विरळ होत जातात. इथे पक्षी कमी आहेत म्हणून? तसं ठामपणे म्हणता येणार नाही. पक्षी बघणारे कमी आहेत, एवढं नक्की म्हणता येईल. पण नकाशा वाचणाऱ्याला हा फरक दिसत नाही. त्याला फक्त कोरी जागा दिसते. आणि जिथे काही नाही असं नकाशा म्हणतो, तिथे काहीही करायला कुणाची हरकत नसते.

माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे. भिवंडीच्या भोवतालची साठ गावं २००७ पासून नियोजनासाठी एमएमआरडीएकडे आहेत. या गावांचे विकास आराखडे होतात, रस्ते आखले जातात, गोदामांचे पट्टे ठरतात. हे सगळं नकाशावर ठरतं. त्या टेबलावर गोदामांचा थर असतो, रस्त्यांचा असतो, पाइपलाइनचा असतो. पक्ष्यांचा थर नसेल, तर पक्ष्यांच्या बाजूने बोलायला तिथे काहीच नसतं.

‘पण सरकारने पाणथळ जागांचे नकाशे केलेत की!’ केलेत, आणि चांगले केलेत. इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचा पाणथळ नकाशासंग्रह तयार केला. त्यात सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ जागा सापडल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये या जागांना संरक्षण द्यायला सांगितलं. नंतरच्या मोजणीत आकडा २,३१,१९५ वर गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की या जागा प्रत्यक्ष जाऊन तपासा, त्यांच्या हद्दी ठरवा.

गोची कुठे आहे सांगते. २०१७ च्या पाणथळ नियमांमधून भातशेती वगळली आहे. मिठागरं वगळली आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशयही वगळले आहेत. नियम करणाऱ्यांची अडचण मी समजू शकते. भाताच्या प्रत्येक खाचराला पाणथळ म्हणायचं तर शेतकऱ्याने करायचं काय? पण धोब्याला हे नियम कुणी वाचून दाखवलेले नाहीत. त्याला ओली जमीन आणि किडे हवेत. ते खाचरात असोत की तळ्यात. आपल्याकडचा बराच भाग नेमका या वगळलेल्या रकान्यात येतो.

दुसरी गोची अशी, की उपग्रहाला पाणी दिसतं, पक्षी दिसत नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी नवीन. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तर सोन्याची खाण आहे. पण त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा. धोबी वीतभर लांब. शिवाय पावसाळ्यात ढगांखाली काहीच दिसत नाही, आणि पावसाळाच तर कोकणाच्या पाण्याचा सगळ्यात महत्त्वाचा काळ.

मग सगळ्या पक्ष्यांना टॅगच लावले तर? इथे वजन आडवं येतं. पक्ष्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त ओझं देऊ नये, असा अभ्यासकांचा रूढ दंडक आहे. फ्लेमिंगोला चाळीसेक ग्रॅमचा टॅग पेलतो. धोब्याचं सगळं वजनच वीस ग्रॅमच्या आसपास. त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा ग्रॅम येतो, म्हणजे सौरपट्टी, सिमकार्ड वगैरे विसरा. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय पक्षी पकडणं हा गुन्हा आहे, तेव्हा घरगुती प्रयोगही विसरा. मोठ्या पक्ष्यांची गोष्ट टॅग सांगेल. छोट्यांची सांगायला दोन डोळे, दोन पाय आणि एक फोन लागतो. ते तुमच्याकडे आहेत.

‘आमच्या नोंदींना कोण विचारतं?’ असं वाटत असेल तर हे वाचा. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. ९४२ जातींचा आढावा, तीन कोटींच्या आसपास नोंदी, आणि त्या करणारे तीस हजारांहून जास्त लोक. यातले बहुतेक शास्त्रज्ञ नाहीत. शिक्षक आहेत, बँकेतले लोक आहेत, रिटायर झालेले काका आहेत, तुमच्यासारखे विद्यार्थी आहेत. दूरवरून स्थलांतर करून येणाऱ्या पक्ष्यांची संख्या जास्त वेगाने घटतेय, ही गोष्ट या साध्या नोंदी एकत्र आल्या म्हणून कळली. सरकारचं एखादं खातं देशभर एवढी माणसं रोज उन्हात उभी करू शकलं नसतं.

पण नोंद कशी करायची हे महत्त्वाचं. भारी कॅमेरा घेऊन दुर्मीळ पक्ष्याच्या मागे धावणं आणि त्याचा फोटो स्टेटसला टाकणं, याला नोंद म्हणत नाहीत. (आम्ही वर्तमानपत्रवालेही काही कमी नाही. गुलाबी थवा मिळाला की पान सजलं. चिखलाच्या रंगाच्या तुतारीला कोण जागा देतो? असो.) कामाची नोंद म्हणजे ठरलेली जागा, ठरलेला वेळ, आणि त्या वेळात दिसलेले सगळे पक्षी. कावळा, साळुंकी, कबुतरसुद्धा. पंधरा मिनिटं उभे राहिलात, आठ जाती ओळखल्या, मोजल्या, टाकल्या. पुढच्या आठवड्यात परत तिथेच. समजा कामतघरच्या वऱ्हाळा तलावाच्या एका कोपऱ्यावर तुम्ही दर रविवारी सकाळी असे उभे राहिलात. वर्षभराने तुमच्याकडे बावन्न याद्या असतील. धोबी पहिल्यांदा कधी आला, शेवटचा कधी दिसला, हे भिवंडीपुरतं तुम्ही सांगू शकाल. आज हे किती जण सांगू शकतात?

काहीच दिसलं नाही तरी यादी टाका. ही गोष्ट सगळ्यांना विचित्र वाटते. पण ‘मी गेलो होतो, अर्धा तास थांबलो, भोवत्या दिसला नाही’ ही माहिती आहे. ‘कुणी गेलंच नाही’ ही माहिती नाही. नकाशावर दोन्ही गोष्टी सारख्याच कोऱ्या दिसू नयेत, म्हणून शून्यसुद्धा लिहायचं.

आता त्या ठिपक्याचं पुढे काय करायचं? इथे मला एक अस्सल देशी जोड सुचवायची आहे. तहसील कार्यालयात जाऊन अक्षांश-रेखांश सांगितले, तर समोरचा माणूस तुमच्याकडे बघत राहील. त्याची भाषा सर्व्हे नंबरची आहे. राज्य सरकारचं महाभूनकाशा नावाचं पोर्टल आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावाचा नकाशा उघडतो, तुकड्यावर बोट ठेवलं की गट किंवा सर्व्हे नंबर मिळतो. गुगल अर्थवर आपली जागा बघा, बांध, रस्ता, नाला या खुणांवरून तीच जागा गावनकाशात शोधा, नंबर उतरवून घ्या. आता तुमची नोंद ‘खाडीजवळ कुठेतरी खूप पक्षी होते’ अशी राहत नाही. अमुक गाव, अमुक सर्व्हे नंबर, अमुक तारखा, अमुक जाती, एवढं सगळं त्यात येतं. गुगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघायचीही सोय आहे. त्या जागेची दहा वर्षांपूर्वीची आणि आजची चित्रं शेजारी ठेवा. कांदळवन होतं तिथे भराव दिसतोय का, ओढ्याचं तोंड बुजलंय का, हे शेंबड्या पोरालाही दिसेल.

अशा कागदाला किंमत आहे. कांदळवनं आणि पाणथळ जागांच्या तक्रारींसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्या आहेत. राज्यातल्या कांदळवनांचे उपग्रह नकाशेही न्यायालयाच्याच आदेशानंतर झाले, आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं स्पष्ट सांगितलं. तक्रार करायला जागा आहे. नेमकी माहिती घेऊन जाणारा माणूस कमी पडतो.

इथे थांबून एक अवघड गोष्ट बोलायला हवी. गोदामं पाडा, असं मी म्हणत नाहीये. भिवंडीतल्या कितीतरी घरांत बाबा किंवा दादा गोदामातच कामाला आहेत. लूमचे दिवस पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याने शेत विकलं किंवा भाड्याने दिलं त्याला शिव्या घालणं सोपं आहे. खारं पाणी शिरलेल्या खाचरात भात किती होतो, ते त्याला विचारा. आणि तुम्ही दुर्बीण घेऊन त्याच्या बांधावर उभे राहिलात, फोनवर काहीतरी टिपायला लागलात, तर त्याच्या मनात पहिला विचार काय येईल? ‘पक्षी दिसला, आता जमीन अडकली.’ ही भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. नकाशा हे हत्यार आहे, आणि गावातल्या लोकांनी नकाशे बहुतेक वेळा दुसऱ्यांच्याच हातात पाहिलेत, रस्त्याचे, पाइपलाइनचे, भूसंपादनाचे.

म्हणून माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी काकांना विचारा, शेतात येऊ का. काय बघताय ते त्यांना दाखवा, दुर्बीण त्यांच्या हातात द्या. या पक्ष्याला तुमच्याकडे काय म्हणतात, तो कधीपासून येतो, पूर्वी जास्त यायचा का, हे विचारा. आगरी आणि कोळी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना खाडीचं जे माहिती असतं ते कुठल्याच उपग्रहाला माहिती नाही. आणि हे सगळं लिहून ठेवायची कायदेशीर जागाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. माधव गाडगीळांनी या नोंदवहीची कल्पना रुजवली, ती गावाने स्वतः लिहावी म्हणून. ठरलेली मुदत गाठायच्या घाईत बऱ्याच ठिकाणी ती कशीबशी भरली गेली. तुमच्या गावाची नोंदवही ग्रामपंचायतीत जाऊन मागून बघा. त्यात स्थलांतरित पक्ष्यांचं पान आहे का? नसेल तर तुमच्या याद्या आणि त्या काकांची आठवण, दोन्ही तिथे जाऊ द्या. ग्रामसभेसमोर गेलेला नकाशा गावाचा असतो. बाहेरून आलेल्या नकाशाशी गाव भांडतं.

लोकांनी मनावर घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण नागालँडमध्ये आहे. वोखा जिल्ह्यातल्या पांगती परिसरात २०१२ पर्यंत अमूर ससाणे जाळ्यात पकडून हजारोंनी मारले जात होते. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार थांबवली. त्याच नोव्हेंबरात तिथल्या तीन ससाण्यांना उपग्रहाचे टॅग बसवले, नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. हे पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी समुद्रावरून उडतोय, हे तिथल्या माणसांनी नकाशावर पाहिलं. हेच ससाणे आपल्याकडे लोणावळ्याच्या आसपासच्या डोंगरांवर थोडे दिवस दिसतात, बघायला लोक खास जातात.

एक सावधगिरी मात्र पाळाच. माहिती उघडी असली की ती सगळ्यांनाच उघडी असते. २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेलवर येत होती, तो ईमेल पुण्यातून कुणीतरी उघडायचा प्रयत्न केल्याची बातमी गाजली होती. पक्ष्यांचंही तेच. घरट्याची, रात्री थवा उतरतो त्या झाडाची नेमकी जागा रीलमध्ये टाकू नका. ईबर्ड संवेदनशील जातींची जागा स्वतःहून लपवतं, इन्स्टाग्राम लपवत नाही. ड्रोन तर नकोच. थवा एकदा उडाला की त्याने दिवसभर खाऊन साठवलेली ताकद वाया जाते, आणि त्याला अजून हजारो किलोमीटर परत जायचं असतं. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला जवळ बोलावणंही नको.

तुम्ही भूगोलाचे असाल तर क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर शिकून घ्या, त्यात उपग्रहचित्र, गावनकाशा आणि पक्ष्यांच्या नोंदी एकावर एक ठेवता येतात. आयटीवाल्यांना हे दोन दिवसांत जमेल. मराठीच्या मुलांनी गावोगावची पक्ष्यांची नावं गोळा करावीत, तो तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कॉमर्सवाल्यांनी मोजायला यावं, आकड्यात चूक करणार नाहीत. एनएसएसच्या कॅम्पला दरवर्षी रस्ता झाडण्याऐवजी एकदा खाडीचा काठ मोजायला घ्या. पाच कॉलेजांनी पाच जागा वाटून घेतल्या, तर एका हिवाळ्यात काल्हेरपासून खारबावपर्यंतचा पट्टा भरून निघेल.

सुरुवात करायला जानेवारी उत्तम. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि त्यात कुणालाही भाग घेता येतो. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, त्यासाठी तर घराची गच्चीसुद्धा चालते. खाडीवर जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रक आधी बघा. इंटरनेटवर मिळणाऱ्या वेळा बहुधा मुंबई बंदराच्या असतात, आपल्याकडे आत पाणी त्याहून उशिरा चढतं. भर ओहोटीला गेलात तर पक्षी लांब चिखलात ठिपक्यांएवढे दिसतील. पाणी चढायला लागलं की ते काठाकडे सरकतात, तेव्हा मोजायला सोपे. एकटे जाऊ नका, घरी सांगून जा, पाण्याची बाटली ठेवा. आणि खारबंधाऱ्यावर चप्पल घालून जाऊ नका, बूटच घाला. तो चिखल एकदा धरला की चप्पल परत देत नाही.